शूर्पारकाची शिळा आणि नव्या चित्रांचे दालन

विरारच्या पूर्वेस वसलेल्या चंदनसारापासून सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, फार दूर नाही. आणि ज्या शूर्पारक बंदराच्या भूमीत पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा खंड सापडला, त्या परिसराच्या रहिवाशाने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे, कारण तो खंड आज तेथे आहे. मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे वृत्त सम्राटाने ज्या शासनात नोंदविले, त्याची ती झिजलेली ब्राह्मी अक्षरे पाहताना आपल्या मुलखाच्या प्राचीनतेविषयी जो आदर दाटून येतो, तो ग्रंथवाचनाने येत नाही.

जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची ही घुमटाकार इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयासाठी वापरली गेली व १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून रयतेस खुली झाली. पुढे २०११ मध्ये, कापसाचे व्यापारी जहांगीर निकोल्सन यांनी १९६८ पासून आस्थेने जमविलेल्या आधुनिक चित्रांचे दालन, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, याच वास्तूत उघडले. संग्रहालयातील पहाडी लघुचित्रे पाहून लगेच या दालनातील आधुनिक चित्रकार गायतोंडे यांच्या चित्रांपुढे उभे राहावे. रंगाचा तोच संयम दोन्हीकडे आढळतो, असे माझे निश्चित मत आहे.