एकच खोरे, दोन वाटा

१/ सन १६५९. अफजलखान चालून येत होता आणि मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली होती : खानास सामील व्हा. रोहिडखोऱ्यातील, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातील, कारीचे कान्होजी जेधे राजगडी गेले आणि वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांपाशी राहिले. उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले.

२/ पुढे खंडोजी सापडले. कान्होजींच्या रदबदलीमुळे जीव वाचला. उजवा हात व डावा पाय मात्र कलम झाला.

३/ ‘खोपडे फितूर’ एवढ्यावर थांबलो, तर मूळ कारण हाती लागत नाही. फर्मान हे निमित्त. वतन वंशपरंपरेचे आणि त्याची मान्यता दरबाराची. म्हणून राजा बदलला तरी चालेल, वतन टिकले पाहिजे, ही वृत्ती बळावली.

४/ महाराजांनी शिक्षा व्यक्तीस दिली, पण इलाज मुळावर केला. वतनदारांचे कोट-हुडे पाडले, हक्क ठरवून दिले आणि वसुली सरकारी कारकुनांकडे सोपवली, असे सभासद बखर सांगते.

५/ १६८९ नंतर मोगल वतनांचे आमिष दाखवू लागले, तेव्हा राजाराम महाराजांनाही वतने द्यावी लागली. जुने दुखणे परतले.

फितूर कोण, हे विचारावेच. पण फितुरी कशावर पोसली जाते, हेही विचारावे.