कोरं पत्र आणि ६६६

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव नावाचं गाव आहे. तापी-पूर्णेचा संगम आणि तिथलं चांगदेवांचं दगडी मंदिर. त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानाने मोठे, 'तीर्थरूप' लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोरा कागदच धाडला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! ज्ञानेश्वरांनी मात्र त्याच कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. कागद एक, वाचन दोन. म्हणजे खुणेत वाचणाराही थोडा उतरतोच.

आता जगातली सगळ्यात बदनाम खूण घेऊ. बायबलच्या शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकात, १३व्या अध्यायात एक श्वापद येतं. त्याची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कुणाला खरेदी-विक्री करता येत नाही. त्याची संख्या ६६६, आणि ती माणसाची संख्या आहे, असा इशाराही तिथेच दिलेला आहे.

हे कोडं त्या काळच्या वाचकाला फारसं अवघड नसावं. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरांनाच अंकांच्या किमती होत्या, आपल्याकडे कटपयादि आहे तसंच काहीसं. 'नेरॉन कैसर' हे हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६! लॅटिन वळणाने शेवटचा 'न' गाळला तर ६१६. आणि गंमत बघा, काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यातही तेच. म्हणून बरेच अभ्यासक बोट दाखवतात ते ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट नीरोकडे. बाजारातल्या नाण्यांवर सम्राटाचंच तोंड असायचं, हेही लक्षात घ्या.

पण आमच्या धंद्यातल्या माणसाला इथला धोका लगेच कळेल. हे हॅश फंक्शन आहे. नावावरून आकडा काढणं सोपं, पण आकड्यावरून उलटं नाव शोधायला गेलं की ढीगभर नावं निघतात. साधारण १८०च्या सुमारास इरेनियस या बिशपने हेच ओळखलं होतं. 'लाटेइनोस', 'टेइटान' अशी ६६६ भरणारी नावं त्याने स्वतः मांडली आणि वर बजावलं, घाईने कुणाचंही नाव ठरवू नका.

लोकांनी ऐकलं नाही. मार्टिन ल्यूथरच्या बाजूच्यांना श्वापद पोपमध्ये दिसलं, तर विरोधकांना ल्यूथरमध्ये. १९७०नंतर पाळी बारकोडची आली. त्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये ज्या लांब रेघांच्या जोड्या असतात, त्या ६च्या रेघांसारख्या दिसतात, म्हणून ६६६! खरं तर उजव्या भागातला ६ म्हणजे १०१००००, सात खणांचा. टोकाची जोडी नुसती १०१. मशीन तिला अंक म्हणून वाचतच नाही, अंक कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात एवढंच त्यावरून ओळखतं.

मग आलं आधार, आणि तेही खानदेशातून. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी नोंदणीला नकार दिला. त्यांना यात तीच खूण दिसली. आकड्यात श्वापद शोधणं व्यर्थच. बारा अंकांपैकी शेवटचा चुका पकडण्यासाठी, बाकीच्यांत ना जात, ना धर्म, ना गाव.

पण म्हणून त्या माणसांना हसू नये. नंबर नाही म्हणून रेशन अडलं, खातं अडलं, तर काय करायचं, हा प्रश्न श्वापदाशिवायही खराच आहे. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ला सरकारी अनुदानासाठी आधार मान्य केलं, पण बँक खातं आणि मोबाइलसाठीची सक्ती रद्द केली. प्रकटीकरणाच्या लेखकाची भीती नुसत्या आकड्याची नव्हतीच. एका सत्तेच्या शिक्क्यावाचून पोट भरता येऊ नये, याची ती भीती होती.

म्हणून मला वाटतं, खूण वाचताना आधी विचारावं, ती कुणी, कुणासाठी, कोणत्या भीतीने काढली? आपलं उत्तर भरायला जागा उरतेच. कागद तसा बराच कोरा असतो.