सरकारी खरेदीतला वाटा : मद्रास ते चेन्नई

मद्रास प्रांतात सरकारी नोकऱ्या जातनिहाय वाटण्याचा आदेश जस्टिस पक्षाच्या सरकारने १९२१ साली काढला. सरकार जो माल विकत घेते त्यात दलित उद्योजकाचा वाटा ठरायला मात्र २०१२ साल उजाडले.

मधल्या काळात मद्रास शहरात सरकारी गिऱ्हाईक मोठे होत गेले. पेरांबूरला १९५५ मध्ये रेल्वे डब्यांचा कारखाना सुरू झाला, पुढच्या दशकात अवाडीत रणगाडे बनू लागले. लहान कारखान्यांसाठी १९५८ मध्ये गिंडीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. राष्ट्रीय लघुउद्योग निगमही १९५५ चाच. त्याच्याकडे नोंदणी केलेल्या लघुउद्योगांना सरकारी खरेदीत सवलती मिळत. या साऱ्या धोरणाने कारखान्याचा आकार पाहिला, मालकाची सामाजिक स्थिती पाहिली नाही. १९७४ मध्ये तमिळनाडूत आदिद्रविडांसाठी, म्हणजे तिथल्या दलितांसाठी, ‘ताडको’ हे महामंडळ निघाले, पण त्याचा भर आधी घरबांधणीवर आणि पुढे कर्जांवर राहिला. कर्ज काढून केलेला माल घेणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न जानेवारी २००२ मध्ये दलित विचारवंतांच्या परिषदेतून निघालेल्या भोपाळ घोषणापत्राने ऐरणीवर आणला. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या ‘डिक्की’ या संघटनेने दलित उद्योजकांची संघटित बाजू मांडली. अखेर केंद्राच्या २०१२ च्या आदेशाने मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीतील २० टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठेवला आणि त्या २० पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकांसाठी. निविदेचे शुल्क आणि बयाणा रक्कम माफ झाली. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर भरलेल्या लघुउद्योगालाही तो कमी दर मान्य केल्यास मागणीचा एक हिस्सा मिळू लागला. २०१९ पासून २० चे २५ टक्के झाले, महिलांसाठी ३ टक्के आले. ४ चा आकडा हलला नाही.

आदेशात एक मोठी फट आहे. अनुसूचित जाती-जमातींचे पुरवठादार निविदेत उतरले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढता येतात. वर्षानुवर्षे प्रत्यक्ष खरेदी त्या आकड्याच्या खालीच राहिली. खरेदी अधिकाऱ्याला पुरवठादार शोधण्याची सक्ती हवी होती. आदेशाने त्याला सुटकेची वाट दिली.

शिवाय हा आदेश केंद्राचा आहे. पेरांबूरचा कारखाना आणि मणलीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प त्याच्या कक्षेत येतात, राज्याची खाती येत नाहीत. तमिळनाडूने २०२३ मध्ये आंबेडकरांच्या नावाने सुरू केलेल्या योजनेत दलित-आदिवासी उद्योजकांना ३५ टक्के भांडवली अनुदान आणि व्याजात ६ टक्के सवलत आहे. तिचा रोखही भांडवलावरच आहे.