भुशाची कर्तबगारी

12 मे 1833 रोजी ‘टस्कनी’ हे जहाज बॉस्टनहून 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. आफ्रिकेचे टोक वळून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते हुगळीच्या मुखाशी आले, तेव्हा त्यातला सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ मुंबईतही उतरला आणि पुढे शहरात बर्फघरही उभे राहिले. ही कथा सांगताना श्रेय बहुधा फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या जिद्दीला दिले जाते. जिद्द होतीच, पण थंडी तर न्यू इंग्लंडच्या तळ्यांवर दर हिवाळ्याला फुकट पडत होती. नवे होते ते ती टिकवून धरणारे वेष्टन. या व्यापाराचा खरा नायक बर्फ नव्हे, त्याभोवतीचा भुसा आहे.

ट्यूडरचे पहिले अपयशच याची साक्ष देते. 1806 मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर बर्फ नेला. तो समुद्रात टिकला, पण किनाऱ्यावर साठवायला बर्फघर नव्हते; माल डोळ्यांदेखत वितळला आणि नुकसान झाले. त्यानंतरची त्याची अनेक वर्षे बर्फ कशात ठेवावा, कशात गुंडाळावा, याच प्रयोगांत गेली. ट्यूडरचा सहकारी नॅथॅनियल वायेथ याने घोड्याने ओढायचे बर्फ कापणारे नांगर बनवले, तेव्हा एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना घट्ट भिडवल्या की मध्ये फट राहत नाही आणि सगळा साठा एकाच प्रचंड ठोकळ्यासारखा वागतो. उष्णतेला शिरायला उरतो तो फक्त बाहेरचा पृष्ठभाग. ‘टस्कनी’च्या पोटात हा ठोकळा फळ्यांच्या कोठीत रचला होता आणि भोवती कातडी कमावून उरलेली वाळलेली साल व गवत भरले होते. पुढे सालीची जागा लाकडाच्या वखारींतल्या भुशाने घेतली. भुशाच्या कणाकणांत हवा अडकते, अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णता फार सावकाश पुढे सरकू देते. जो भुसा वखारवाल्यांना फेकावा लागत होता, तो आता पैसे देऊन विकत घेतला जाऊ लागला.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे गारवा नवा नव्हता. खरेच आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी थंड केले जाई आणि हिमालयातला बर्फ नावांनी लाहोरला येई, असे ‘ऐन-इ-अकबरी’ सांगते. बंगालमध्ये हिवाळ्याच्या रात्री मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवून बर्फाचे पापुद्रे मिळवत. त्या थाळ्यांखालीही जमिनीची ऊब तोडायला कोरड्या पेंढ्याचा थर असे. पण रोजच्या वापरातले माठ आणि वाळ्याचे पडदे यांचा गारवा बाष्पीभवनाचा. दिल्लीच्या कोरड्या उन्हात ते उत्तम काम करतात. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील दमट हवेत पाणी फार सावकाश उडते, म्हणून तिथे त्यांचा जोर ओसरतो. ट्यूडरची भारतातली मोठी गिऱ्हाइके नेमकी ही तीन बंदरेच असावीत, यात नवल नाही. मद्रासचे 1842 चे बर्फघर तर आजही उभे आहे.

दुसरा आक्षेप असा की, 80 टन माल वाटेत गेला, त्याला यश कसे म्हणावे? पण एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेवढेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल. जे 80 टन वितळले, त्यांनी ती उष्णता स्वतःवर घेतली म्हणून उरलेले 100 टन वाचले. तो तोटा म्हणजे प्रवासाचे भाडेच होते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1870 च्या दशकात इथे बर्फाचे कारखाने निघाले आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकी बर्फाचा व्यापार संपला, मग वेष्टन ही तात्पुरतीच सोय नव्हती का? नाही. यंत्राने बर्फ आणण्याची गरज संपवली, जपण्याची नाही. कारखान्यातून निघालेली लादीही भुशात आणि गोणपाटातच गिऱ्हाइकाकडे गेली. यंत्र थंडी तयार करते, पण वीज गेली की ते थांबते. वेष्टनाला वीज लागत नाही.

म्हणूनच ही जुनी हकिगत आजची आहे. बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, आणि शेवटच्या पाड्यापर्यंत त्या पोहोचतात ते आरोग्यसेविकेच्या खांद्यावरच्या, जाड भिंतींच्या डब्यातून. आत बर्फाच्या पिशव्या, भोवती फोममध्ये कोंडलेली हवा: तत्त्व ‘टस्कनी’चेच आहे. शीतसाखळीचा इतिहास लिहिताना आपण शीतगृहांचे आकडे देतो आणि डब्याला विसरतो. त्या इतिहासाचे पहिले पान कातडी कमावून उरलेल्या सालीला आणि लाकडाच्या भुशाला द्यायला हवे.