फुटक्या भांड्यापासून भंगारापर्यंत : टाकाऊ वस्तूंचा जातीय इतिहास

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पाली लागते. बिंदुसरा धरणाजवळचे गाव. दिवाळीच्या सुमारास जिल्हाभरातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात आणि प्रत्येक गाडीत कोयते असतात. त्या कोयत्याचे पोलाद कुठून येते, हे आपण कधी विचारले आहे का? पुष्कळदा ते मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानपाट्याचे असते. भंगारातला पाटा घिसाडी तापवतो, ठोकतो आणि त्याचा कोयता करतो. म्हणजे मालकाच्या लेखी ट्रक संपला, पण त्याचे लोखंड कष्टकऱ्याच्या हाती मजुरीचे हत्यार होऊन आले.

टाकलेली वस्तू कुणाच्या वाट्याला जावी, हे या देशात बाजाराने नव्हे तर जातीने ठरवले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात त्याचा कायदाच आहे : चांडाळांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत. गावगाड्याने हेच वेगळ्या शब्दांत चालवले. मेलेले ढोर, मढ्यावरचे कापड, शिळी भाकर ही महाराची मिळकत, आणि तिला नाव काय दिले? ‘हक्क’! गुलामीला हक्क म्हणवून घेणारी व्यवस्था किती धूर्त असते, ते इथे दिसते.

बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. या दोन घटना वेगळ्या नाहीत. ज्या ग्रंथाने फुटके भांडे आपल्या हाती दिले तो जाळायचा आणि ते भांडेही फेकून द्यायचे, असा तो एकच लढा होता.

पण गाव सुटले म्हणून कचरा सुटला का? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा-सोलापूरकडची अनेक कुटुंबे पुण्यात नेली. जमीन नाही, शिक्षण नाही. तिथल्या कितीतरी दलित स्त्रियांच्या हाती कचऱ्याची पाटी आली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य मातंग आणि नवबौद्ध स्त्रिया होत्या. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, शहराचा खर्च वाचवणाऱ्या कामगार आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी महापालिकेचे ओळखपत्र मिळवले. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. हे कुणी दान दिलेले नाही.

इथे आपल्यातलेच काही मित्र विचारतात, “घाणीचे काम सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, मग त्याचीच संघटना कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण जात ही कामाची नव्हे, कामगारांची वाटणी आहे, हेही त्यांनीच १९३६ मध्ये दाखवून दिले. लोखंड वितळवण्यात कमीपणा नाही. ते वेचणारा जन्माने ठरतो आणि त्यावर श्रीमंत होणारा दुसराच असतो, यात अन्याय आहे. पाटीवाल्या बाईपासून किरकोळ दुकान, ठोक व्यापारी, भट्टी अशी ही साखळी बघा. वर जावे तसा पैसा वाढतो आणि आपली माणसे कमी होतात.

आता नवी पायरी आली आहे. २०२१ पासून केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण आणि नियम आले. गाडी नोंदणीकृत केंद्रातच मोडायची, प्रमाणपत्रही त्यानेच द्यायचे. तेल, बॅटरीचे आम्ल, शिसे यांची विल्हेवाट नीट व्हावी, हे चांगलेच आहे. त्या विषाने आधी आजारी पडतो तो उघड्या हातांनी गाडी खोलणारा पोरगा. पण केंद्राला जागा, यंत्रे, परवाने, भांडवल लागते. ज्यांनी जुना गिअरबॉक्स, डायनामो, पाटा ओळखण्याचे ज्ञान पिढीभर हातात जपले, त्यांनी तिथे फक्त रोजंदारी करायची?

म्हणून मागणी दोन टोकांची हवी. आजच्या कामगाराला ओळखपत्र, हातमोजे, विमा आणि सहकारी संस्थेतून या केंद्रांत मालकी. उद्याच्या पिढीला वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि हे काम नाकारण्याची खरी मुभा. यातली एकच मागितली तर आपण फुटके भांडे फक्त कल्हई करून परत घेऊ.

जय भीम!