कांदा परत करण्याचा अधिकार

आजचा विषय रुक्ष वाटेल. सरकार ज्येष्ठांसाठी सेवा कशा आखतं आणि त्या दुसऱ्यांकडून कंत्राटावर किंवा अनुदानावर कशा करून घेतं, हे आज पाहायचं आहे. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मिळणारी गोळी, जेवणाचं ताट आणि झोपायची खाट याच कागदांमधून येते. म्हणून हे कागद कसे तयार झाले, ते आपल्याला माहीत असायला हवं.

आधी फौजेतली एक साधी पद्धत सांगतो. छावणीत ताजी भाजी, दूध, मांस हे कंत्राटदाराकडून येतं. कंत्राट वरचं कार्यालय करतं, माल ठेकेदार आणतो. पण ज्यांच्या लंगरात तो शिजणार, त्या युनिटचा माणूस माल घेताना काट्यापाशी उभा असतो. वजन कमी भरलं किंवा कांदा सडका निघाला, तर माल परत. म्हणजे लिहिणारा एक, देणारा दुसरा आणि खाणाऱ्याच्या वतीने तपासणारा तिसरा. नोकरीत ही पद्धत मी वर्षानुवर्षं पाहिली. त्यामुळे ज्येष्ठांची कुठलीही योजना हातात आली की मी एकच प्रश्न विचारतो : इथे काट्यापाशी कोण उभं आहे?

आपल्या राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये म्हातारपणी सरकारी साहाय्य मिळावं असं म्हटलं आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत येतं, त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. प्रत्यक्ष पैसा हळूहळू आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ६५ वर्षांवरच्या निराधार माणसासाठी केंद्राकडून महिन्याला ७५ रुपये ठरले. पुढे ते २०० झाले, वयाची अट ६० वर आली आणि ८० वर्षांवरच्यांना ५०० रुपये मिळू लागले. हे रोख पैसे झाले. सेवा ही गोष्ट वेगळी. रोख रक्कम खात्यात टाकली की सरकारचं काम झालं. पण आजीला आंघोळ घालायला माणूस हवा असेल, तर तो रोज यावा लागतो.

अशा सेवांसाठी केंद्राने १९९२ मध्ये एक योजना आणली. वृद्धाश्रम, दिवसा सांभाळणारी केंद्रं आणि फिरते दवाखाने स्वयंसेवी संस्थांनी चालवायचे आणि खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान सरकारने द्यायचं. कल्पना वाईट नव्हती. सरकारकडे माणसं नव्हती, संस्थांकडे होती. पण असं अनुदान प्रस्ताव, तपासणी आणि हिशेब यांच्या फेऱ्यांतून येतं. फाईल एखाद्या टेबलावर अडकली, तरी आश्रमातली चूल रोज पेटवावीच लागते. आणि आश्रमातल्या आजोबांना या व्यवहारात मोजलं जातं, विचारलं जात नाही.

२००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. मुलांनी आईवडिलांना सांभाळावं, एवढाच त्याचा भाग लोकांच्या लक्षात राहिला. त्यातलं कलम १९ मुद्दाम वाचा. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय. वाचून बरं वाटतं. पण राज्य सरकार असे आश्रम स्थापन ‘करू शकेल’ असं तिथे लिहिलं आहे, ‘करील’ असं नाही. फौजेतल्या हुकमात या दोन शब्दांत फार मोठं अंतर असतं. ‘करू शकेल’ हा हुकूम होत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावं लागलं, की कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत ही माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन ११ वर्षं झाल्यावर मोजणीपासून सुरुवात! २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींच्या वर होते, हे लक्षात ठेवा.

आता आम्हा माजी सैनिकांच्या घरातली योजना. १ एप्रिल २००३ रोजी ईसीएचएस सुरू झाली. सैनिकाने निवृत्तीच्या वेळी एकदा वर्गणी भरायची. मग त्याला, त्याच्या पत्नीला आणि अवलंबितांना पॉलिक्लिनिकमध्ये उपचार आणि गरज पडली तर यादीवरच्या खासगी रुग्णालयात कॅशलेस सोय. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिक मंजूर होते, पुढे संख्या ४०० च्या वर गेली. छावणीपासून दूरच्या जिल्ह्यांतही केंद्रं उघडली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांतून फौजेत गेलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार झाला. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण या व्यवस्थेचा सांगाडा पाहा. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका बहुतेक कंत्राटी. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्याला आपला इतिहास जाणणारा डॉक्टर हवा असतो. कंत्राट संपलं की डॉक्टर बदलतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. खासगी रुग्णालयांशी करार, त्यांचे दर सरकारने ठरवलेले. दर बरीच वर्षं तसेच राहिले किंवा बिलं थकली, की काही रुग्णालयं हात आखडता घेतात. भांडण सरकार आणि रुग्णालयाचं, पण स्ट्रेचरवर असतो तो आमचा माणूस. २०१५ मध्ये कॅगने या योजनेचं लेखापरीक्षण केलं, तो अहवाल संसदेसमोर आला. कॅग पैशाचा हिशेब उत्तम तपासतं. पण कॅगचा माणूस दर मंगळवारी औषधांच्या खिडकीपाशी उभा राहू शकत नाही.

मग हे दुसरीकडे कसं करतात? अमेरिकेत १४ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्येष्ठांसाठीच्या कायद्यावर सही केली. त्याखाली प्रत्येक राज्यात एक ज्येष्ठ-कार्यालय आलं. १९७३ च्या दुरुस्तीने राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागात एक संस्था नेमण्याची पद्धत आली. या संस्थेने आपल्या भागाचा काही वर्षांचा आराखडा करायचा आणि घरपोच जेवण, प्रवास, घरकामाची मदत अशा सेवा सहसा स्वतः न देता कंत्राटाने द्यायच्या. आखणारा आणि देणारा वेगळे ठेवले. संस्थेच्या सल्लागार मंडळात ज्येष्ठांचं बहुमत ठेवायचा नियम केला. आणि १९७८ मध्ये प्रत्येक राज्याला शुश्रूषागृहांतल्या ज्येष्ठांच्या तक्रारी घेऊन त्यांच्या बाजूने भांडणारा अधिकारी ठेवणं बंधनकारक केलं. तिथेही पैसा कमी पडतो, कित्येक ठिकाणी घरपोच जेवणासाठी लोक रांगेत असतात. पण काट्यापाशी कोण उभं राहील, हे त्यांनी कागदावर लिहून ठेवलं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काम केरळने केलं. २००८ मध्ये त्या राज्याने वेदनाशमन आणि परिचर्येचं धोरण जाहीर केलं. पंचायतीच्या पैशातून नेमलेली परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते, गावातले स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. नर्सबाई आल्या नाहीत तर शेजारीण पंचायत सदस्याला रस्त्यात गाठून विचारते. काटा गावातच आहे.

या सगळ्या इतिहासातून मला एवढंच दिसतं. भाजीचे पैसे सरकार भरायचं, तरी आमच्या जवानाला सडका कांदा परत करता येत होता, कारण तसं कंत्राटातच लिहिलेलं होतं. ज्येष्ठाच्या सेवेत पैसे भरणारं सरकार, सेवा देणारी संस्था आणि घेणारा म्हातारा माणूस. तो तक्रार करायला घाबरतो, कारण उद्या त्याच दारात जायचं असतं. त्याच्या वतीने नाही म्हणणारं कुणी नेमलेलं नसेल, तर चांगली योजनासुद्धा हळूहळू देणाऱ्याच्या सोयीची होते.

म्हणून तुमच्या शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात तीन प्रश्न विचारायला सुरुवात करा. या सेवेचं कंत्राट कुणाकडे आहे आणि कधी संपतं? पैसे थकले तर सेवा कोण चालू ठेवणार? आणि तपासणीच्या समितीत साठीपुढचं कोण आहे? कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहे. उत्तरं मिळाली की खाली लिहा. वेगवेगळ्या राज्यांतली उत्तरं शेजारी शेजारी ठेवली, तर आपल्यालाच पुष्कळ कळेल.

जय हिंद.