पोपट पाळायचाय? आधी त्याचा इतिहास बघा

फुलसावंगीतल्या घरात तुम्हाला लळा लावणारा पोपट हवाय? मग कोणता, हे इतिहासच सांगतो. सुमारे २४०० वर्षांपूर्वी क्टेसियस या ग्रीक वैद्याने माणसासारख्या बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे आपल्या पोपटाचं कौतुक जुनंच! पण त्याची किंमत पिल्लांनी मोजली. ती झाडाच्या ढोलीतून काढूनच पिंजऱ्यात आली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे.

बजरीगरचं तसं नाही. जॉन गूल्डने तो १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेला. तेव्हापासून त्याच्या कित्येक पिढ्या माणसांतच वाढल्या. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच. लहान पिल्लू घ्या, रोज वेळ द्या. तो हातावर येऊन बसेल.